पडद्यावरचं रक्त

१

मयुराच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त होतं. डॉ. वैजयंती टिकेकरांनी हातातलं भिंग किंचित कलतं केलं, कपाळावरच्या दिव्याचा झोत उजव्या डोळ्यात सोडला.

तिथेही रक्त होतं.

दोन महिन्यांची पोर. नाकात नळी, हाताला सलाइन, टाळू किंचित फुगलेली. आदल्या दिवशी दुपारी गुरुग्रामच्या घरी तिला अचानक झटके आले. आईवडिलांनी आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, आणि तिथून अँब्युलन्सने दिल्लीच्या या मोठ्या रुग्णालयात. स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं, म्हणून सकाळी सकाळी लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना, म्हणजे वैजयंतींना, आयसीयूत बोलावणं आलं.

"दोन्ही डोळ्यांत?" डॉ. गौरवने विचारलं. आयसीयू त्याच्याकडे होतं. दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा, हुशार आणि घाईचा.

"दोन्ही."

"मग केस क्लिअर आहे, मॅडम. मेंदूभोवती ब्लीडिंग, डोळ्यांत ब्लीडिंग, आणि घरचे म्हणतात पडली नाही, लागलं नाही. कुणीतरी या बाळाला धरून गदागदा हलवलंय. मी काल रात्रीच पोलिसांना कळवलं. त्यांच्या उपनिरीक्षक बाई खाली बसल्यात."

"कळवलंस ते बरोबर केलंस. पण गौरव, पडदा एवढंच सांगतो की रक्त आलं. का आलं, ते नाही सांगत."

"दुसरं काय असणार? जन्माच्या वेळचं रक्त एव्हाना विरून जातं. इन्फेक्शन नाही. ल्युकेमियाही नाही, पेशी बघितल्या मी. रक्त गोठण्याची टेस्ट बिल्कुल नॉर्मल."

वैजयंतींनी दिवा विझवला. "जोरात हलवलेल्या बाळाच्या डोळ्यात बहुतेक वेळा पडद्याच्या पार कडेपर्यंत रक्त असतं. अनेक थरांत. कधी पडद्याला घड्या पडतात. इथे मधल्या भागात थोडे डाग आहेत, एकाच थरात. असे डाग हलवलेल्या बाळातही दिसू शकतात, नाही असं नाही. पण एवढ्यावरून कुणाच्या हाताला बेड्या घालायला मी तयार नाही."

गौरव काही बोलणार इतक्यात नर्सने लंगोट बदलायला पांघरूण सरकवलं, आणि ती तशीच थांबली.

"सर, ये देखिए."

मयुराच्या दोन्ही मांड्यांवर, पुढच्या बाजूला, एकेक निळाकाळा डाग होता. बरोबर अंगठ्याएवढा.

"घट्ट धरलेल्या हातांचे अंगठे," गौरव हळूच म्हणाला. "आता बोला, मॅडम."

२

उपनिरीक्षक सुरेखा दहिया पहिल्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत बसल्या होत्या. हरियाणवी ठसक्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. वैजयंतींनी खुर्ची ओढली तसं त्यांनी विषयालाच हात घातला.

घरात चार मोठी माणसं. वडील अनिश पेंढारकर, आयटीत नोकरी. त्या वेळी ऑफिसात होते. आई अक्षया बंद खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये, कारण रजा संपण्याआधीच कंपनीने कामाला लावलं होतं. आजी भानुमती, अनिशची आई, पुण्याहून बाळंतपणासाठी आलेल्या. त्या सोसायटीच्या बागेत गेल्या होत्या. आणि बाळाजवळ एकटी पार्वती. झारखंडची, पंचविशीची, बाळ सांभाळायला ठेवलेली.

"और एक बात," सुरेखा म्हणाल्या. "बच्ची का बिब. उसी सुबह पार्वती ने अलग से धोया, और बाल्कनी में नहीं, बाथरूम के पीछे सुखाया. छुपा के. उस पर खून था, डॉक्टर साहब. दाग पूरा गया नहीं."

वैजयंती ताठ बसल्या. "मला तिच्याशी बोलायचंय."

पार्वतीला आणलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"पार्वती, मैं आँखों की डॉक्टर हूँ, पुलिस नहीं. बिब पर खून कहाँ से आया?"

पार्वतीने बोटावरचा ओढणीचा वेढा आणखी आवळला.

"किसी ने मारा?"

"नहीं मॅडम!" ती एकदम उसळली. "कौन मारेगा उसको? नाक से आया था. अपने आप. दो-तीन बूँद. मैंने पोंछ दिया. डर गई. भाभी बोलतीं मैंने गिराया होगा. पहले वाले घर में ऐसे ही निकाला था मुझे."

"नाक से. झटके से पहले?"

"सुबह. झटका तो दोपहर में आया."

सुरेखांनी भुवया उंचावल्या. अशा गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. पण वैजयंतींच्या मनात काहीतरी टोचलं. गदागदा हलवलेलं बाळ आधी सकाळभर शांत दूध पितं, नाकातून दोन थेंब रक्त येतं, आणि मग दुपारी झटके?

त्या बाहेर आल्या तेव्हा जिन्यापाशी अनिश उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. त्याने वैजयंतींची वाट अडवली.

"डॉक्टर, त्या मुलीला सोडायला सांगा," तो म्हणाला. "मी केलंय हे."

३

त्यांनी त्याला कँटीनमध्ये नेलं, समोर चहा ठेवला. तो त्याने घेतला नाही.

"झटक्यांच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आलो. ती खूश होती. मी तिला वर उडवली. असं, हवेत. दोनदा-तीनदा. झेलली. अक्षया ओरडली, मानेला जपा म्हणून. मी हसलो." त्याने कप दूर सारला. "नेटवर वाचलं काल. सगळं वाचलं. पोलिसांना सांगायला खाली गेलो आणि पाय उचलेना. ती पोरगी तिथे उभी होती, आणि मी नाही बोललो."

"तिचं डोकं कुठे आपटलं?"

"नाही."

"उडवल्यावर रडली?"

"हसली, डॉक्टर. नंतर दूध प्यायली, झोपली."

"अशा खेळण्याने सहसा मेंदूभोवती आणि डोळ्यांत असं रक्त येत नाही. पुन्हा उडवू नका, ते धोक्याचंच आहे. पण हे तुम्ही केलंय असं मला वाटत नाही. आता मला सांगा, मयुरा जन्मली कशी?"

अनिशने चमकून पाहिलं. मग कालपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कॅबमध्ये! आमच्याकडे फेमस आहे ती गोष्ट. हॉस्पिटल नोएडात ठरवलेलं, अक्षयाची डॉक्टर तिथली म्हणून. ट्रॅफिक तुंबलेला. फ्लायओव्हरखाली डिलिव्हरी झाली. एका छोट्या दवाखान्यात नाळ कापली, आणि मग दोघींना नोएडाला नेलं. ड्रायव्हरने पेढे मागितले होते."

पलीकडे अक्षया आणि भानुमती येऊन बसल्या होत्या. अक्षयाचे डोळे सुजलेले. वैजयंतींनी तिला जास्त त्रास दिला नाही. बाळ फक्त तिच्याच दुधावर आहे ना, एवढं विचारलं. तिने मान हलवली. "बाटली नाही, पाणीसुद्धा नाही. सगळे म्हणतात तसंच केलं मी. सगळं नीट केलं. मग हे कसं?"

"आणि भानुमतीताई, तुम्ही तिला अंघोळ घालता ना?"

"रोज." भानुमती पदराने डोळे टिपत होत्या, पण नातीचा विषय निघाला तसा सूर बदलला. "काय सांगू तुम्हाला, काय कांती आहे पोरीची! केतकीसारखी. आमच्या घरात एवढं गोरं कुणी नाही. जन्मल्यावर कावीळ होती, ती बाळांना असतेच. कोवळं ऊन दाखवलं मी. आणि दुधावरचं बाळ कसं ओळखावं, तर तिची शीसुद्धा बघा, पांढरीशुभ्र. पिठासारखी."

वैजयंतींच्या हातातला चहाचा कप टेबलावर आदळला.

"काय म्हणालात?"

"पांढरी. का हो?"

पण वैजयंती उठून चालू लागल्या होत्या. चालता चालता त्या जवळजवळ पळायला लागल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात फक्त भिंग. लिफ्टची वाट न बघता त्या जिना चढत होत्या.

४

"गौरव, पांघरूण काढ."

आयसीयूत त्यांनी आधी मांड्यांवरचे डाग पाहिले. डोळ्यांसाठीचं भिंग डागावर धरून त्या वाकल्या. मग हाताने गौरवला जवळ ओढलं.

"मधोमध बघ. काय दिसतं?"

"ठिपका." गौरव आणखी वाकला. "सुईचा ठिपका. दुसऱ्यातही." तो सरळ झाला. "व्हॅक्सिन! सहा आठवड्यांची लस. दोन्ही मांड्यांत देतात."

"लस गेल्या आठवड्यात झाली, सर्दीमुळे उशिरा. आत्ता जिन्यातूनच अनिशना फोन करून विचारलं मी. त्या दिवशी रक्त थांबेना म्हणून आजीने बराच वेळ कापूस दाबून धरला होता. अंगठे नाहीत हे. सुईच्या जागी आत रक्त साठलंय."

"पण मॅडम, ते कसं? टेस्ट नॉर्मल आहे. मी स्वतः बघितली."

"तीच तर गंमत आहे!" वैजयंतींचे डोळे लकाकत होते. "मागच्या आठवड्यात हिचं रक्त गोठत नव्हतं. काल सकाळीही नव्हतं, नाकातून आलं. दुपारी मेंदूभोवती आणि डोळ्यांत आलं. आणि संध्याकाळी तुझ्याकडे पोचेपर्यंत ते अगदी छान गोठायला लागलं. मग मधल्या वेळात कोण भेटलं हिला?"

गौरवचं तोंड उघडं राहिलं. "नर्सिंग होम."

"लाव फोन."

नर्सिंग होमचे डॉक्टर राजीव यांचा आवाज मोकळा होता, थोडा धास्तावलेला. "त्यांनी फिट्सचं औषध दिलं, ते चिठ्ठीत लिहिलंय," गौरव फोनवर हात ठेवून पुटपुटला. वैजयंतींनी फोन त्याच्याकडून काढूनच घेतला.

"डॉक्टर, फिट्सच्या औषधाशिवाय आणखी काय दिलंत?"

"और कुछ... हाँ, विटामिन के का इंजेक्शन. इतने छोटे बच्चे में ब्लीडिंग का शक हो तो मैं पहले वही देता हूँ. और प्लाझ्मा चढ़ाया, अँब्युलन्स आने तक. क्यों, कुछ गलत हो गया?"

"गलत नहीं. आपने शायद उसकी जान बचाई है. उससे पहले खून का सँपल लिया था?"

"नस बड़ी मुश्किल से मिली, मॅडम, उसी में प्लाझ्मा लगा दिया. सँपल नहीं लिया."

फोन ठेवला. गौरव खुर्चीत बसला. "म्हणजे मी तपासलं ते दुरुस्त झालेलं रक्त. मूळचं रक्त कुणी बघितलंच नाही. आणि आता बघायला ते उरलं नाही. व्हिटॅमिन के कमी होतं हे आपल्याला वाटतंय, पण सिद्ध कसं करणार? पोलीस म्हणतील, डॉक्टरांनी गोष्ट रचली."

वैजयंती बाळाकडे बघत होत्या. मग त्यांनी नर्सला सांगितलं, "सकाळी बदललेला लंगोट टाकला नसेल तर आण."

नर्सने तो आणला. खिडकीच्या उजेडात तिघांनी पाहिला.

भिंतीला लावायच्या पुट्टीसारखा रंग. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

"गौरव," वैजयंती म्हणाल्या, "गुन्हेगार अजून हिच्या पोटातच बसलाय."

५

दुपारपर्यंत तीन गोष्टी धावत सुटल्या. मयुराच्या पोटाची सोनोग्राफी. रक्तातल्या बिलिरुबिनचा वेगळा हिशोब. सकाळच्या कागदावर एकूण आकडा थोडा वाढलेला होता, पण सांडलेलं रक्त विरघळतानाही तो वाढतोच म्हणून कुणी त्यात खोल गेलं नव्हतं. आणि तिसरी गोष्ट वैजयंतींना अचानक सुचली, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला.

"पावलांचे ठसे!"

"काय?"

"चोर गेला तरी ओल्या मातीत ठसे राहतात. व्हिटॅमिन के नसेल तेव्हाही यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतच असतं, पण अर्धवट, निकामी. आपण इंजेक्शन दिलं की नवीन प्रथिनं चांगली बनतात, टेस्ट नॉर्मल येते. पण ती जुनी निकामी प्रथिनं? ती काही दिवस रक्तात फिरतच राहतात. ती मोजता येतात."

"पिव्का टेस्ट," गौरव ताडकन उभा राहिला. "पण ती तर यकृताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी करतात."

"म्हणून तर दिल्लीतल्या लॅबमध्ये रोज होते. धाव."

गौरव खरंच धावला. नमुना घेऊन तो स्वतः लॅबपर्यंत गेला आणि तिथेच बसून राहिला.

खाली सुरेखा दहियांनी घड्याळाकडे पाहिलं. पार्वतीला घेऊन जायचं की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. वैजयंतींनी त्यांना एकच विनंती केली: संध्याकाळपर्यंत थांबा. सुरेखांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि पार्वतीसाठी पाण्याची बाटली मागवली.

उन्हं कलताना सगळे त्याच खोलीत जमले. अनिश, अक्षया, भानुमती एका बाजूला. दाराजवळ पार्वती. गौरव आत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने वैजयंतींना फक्त मान हलवून दाखवली. एवढी जोरात, की बाकीचं बोलायची गरज नव्हती.

"कुणीही मयुराला मारलं नाही, हलवलं नाही," वैजयंती म्हणाल्या. सुरेखांसाठी त्या मध्येच हिंदीत समजावत होत्या. "तिचं रक्तच गोठत नव्हतं. त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाला त्याचं इंजेक्शन देतात. पण मयुरा रस्त्यात जन्मली. मी नोएडात विचारलं. त्यांना वाटलं, नाळ कापणाऱ्यांनी दिलं असेल. नाळ कापणाऱ्यांना वाटलं, मोठ्या हॉस्पिटलात देतील."

अक्षयाने तोंडावर हात ठेवला.

"आईच्या दुधात ते फार थोडं असतं. त्यात तुमची काही चूक नाही, दूध बाकी सगळ्या दृष्टीने उत्तम. आणि नुसतं एवढंच असेल तर बहुतेक बाळं निभावून नेतात. पण मयुराचं आणखी एक बिनसलं. हे व्हिटॅमिन अंगी लागायला पित्त लागतं. आणि तिचं पित्त आतड्यापर्यंत पोचतच नाही."

"म्हणून शी पांढरी," गौरव म्हणाला.

"म्हणून पांढरी. म्हणूनच कांती केतकीची. ती गोरी नाही, भानुमतीताई, तिला कावीळ आहे. जन्मापासूनची गेलीच नाही. रक्तातही तेच दिसतंय. सोनोग्राफीत पित्ताशय जेमतेम दिसतंय. पित्त वाहून नेणारी नळी बंद असावी असा दाट संशय आहे."

 भानुमतींनी सुनेचा हात धरला. तो अक्षयाने सोडवला नाही.

"आणि पिव्का?" गौरवला राहवेना. "नॉर्मलच्या कितीतरी पट, मॅडम! ठसे अजून ओले आहेत."

सुरेखांनी पेन बंद केलं. "तो नाक का खून..."

"पहिला इशारा. ती सांगत होती ते खरं होतं."

खोलीतल्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पार्वती भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि आवाज न करता रडत होती.

"मग आता सगळं ठीक होईल ना?" अनिशने घाईने विचारलं.

वैजयंतींनी मान हलवली नाही. "रक्त थांबलंय. पण ती नळी. तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर यकृत वाचायची संधी असते. जितका उशीर, तितकी संधी कमी. आणि त्यातले दोन महिने आपण घालवून बसलोय."

६

त्या आठवड्यात गौरवने जितके फोन केले तितके वर्षभरात केले नसतील. मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदूभोवतीचं रक्त वाढत नाही याची खात्री केली. मग शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी पोट उघडून, नळीत रंग सोडून तपासलं. नळी बंदच होती. तिथेच त्यांनी आतड्याचा तुकडा वर ओढून यकृताला जोडला.

ऑपरेशननंतर एका सकाळी आयसीयूत एकच गलका झाला. बाहेर बसलेली अक्षया घाबरून उठली. नर्स दारातून लंगोट हातात धरून हसत होती. त्यात हिरवट डाग होता. पित्त वाहू लागलं होतं. तो लंगोट बघायला पाळीवरची निम्मी माणसं गोळा झाली. भानुमतींनी तर नमस्कार करायला हात जोडले आणि कुणाला करायचा ते न कळून तसेच धरून ठेवले.

पुढे काय होईल ते कुणीच छातीठोक सांगितलं नाही. यकृताच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालणार होत्या.

"मी पोलीस बोलावले, त्याचा मला पश्चात्ताप नाही," गौरव एकदा वैजयंतींना म्हणाला. "पण त्यानंतर मी शोधायचं थांबलो. त्याचा आहे."

"तेवढा पुरे," त्या म्हणाल्या.

काही आठवड्यांनी मयुरा डोळे तपासायला आली. बरोबर अक्षया होती, आणि दोन पावलं मागे पार्वती. अक्षया तिच्या खोलीवर दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा पार्वतीने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा ती म्हणाली, काम पे नहीं आऊँगी, नोएडा में दूसरा घर पकड़ लिया है. पण बाळाला बघायला येईन.

वैजयंतींनी भिंगातून पाहिलं. डावा पडदा स्वच्छ. उजव्यावर फिकट पिवळी खूण उरली होती, तीही नजरेच्या नेमक्या मध्यापासून बाजूला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "खूप छान."

अक्षयाला काहीतरी बोलायचं होतं. वैजयंतींशी नव्हे, मागे वळून. ती वळली, आणि मयुराचं दुपटं नीट करत राहिली. पार्वतीनेच तिला सोडवलं. तिने वैजयंतींना विचारलं, "मॅडम, इसको दिखता है ना?"

"खुद देख लो."

पार्वती टेबलाजवळ आली. काही न बोलता, टाळी न वाजवता ती मयुराच्या चेहऱ्यावर वाकली. मग हळूच डावीकडे सरकली.

मयुराचे डोळे तिच्याबरोबर सरकले.

ती उजवीकडे गेली. डोळे आले. पुन्हा डावीकडे. पुन्हा आले, आणि या वेळी बोळकं उघडून ती पोर हसली.

अक्षया टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. "पार्वती," ती कशीबशी म्हणाली, "अब इधर से मैं देखूँ?"

पार्वतीने मान डोलावली आणि पाऊलभर मागे सरून तिच्यासाठी जागा केली.